केळ्याचा वास

गेल्या महिन्यात एका सोमवारी माझा वरचा ओठ बटाटेवड्याएवढा झाला होता. सकाळी अकराला एका एडिटरबरोबर कॉल होता. तोंड दाखवायची सोय नव्हती म्हणून कॅमेरा बंद ठेवला, तर 'प फ ब भ म' ही बाराखडीतली अख्खी ओळच उच्चारता येईना. तो बिचारा दहा मिनिटं 'तुझ्याकडे नेटवर्क नाहीये का?' असं विचारत होता. शेवटी मी टाइप केलं, 'सांदण दरीत ट्रेकला गेले होते. आग्या माश्या चावल्या.'

त्याचं उत्तर आलं, 'ओह, माशीच ना? मला वाटलं बिबट्या!'

हे 'माशीच ना?' मी तेव्हापासून रोज ऐकतेय. लोकांच्या चेहऱ्यावर चक्क निराशा दिसते. खरं सांगायचं तर जाण्याआधी मीही त्यांच्यातलीच होते. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर विषय एकच, बिबट्या. बिबट्या दिसला तर पळायचं नाही, डोळ्यात बघायचं की नाही बघायचं, टॉर्च मारायचा का… एकाने तर ऑनलाइन शिट्टी मागवली. माशीबद्दल कोणी एक ओळ टाकली नव्हती.

तर आधी पात्रपरिचय. कॉलममधे नावं घ्यायची नाहीत असा मित्रमंडळींचा मला सक्त दम आहे, त्यामुळे आपण पगारावरून ओळखू. टेस्टर : एका सॉफ्टवेअर कंपनीत दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो, ट्रेकचा प्लॅन त्याचा. बँकवाला : शिट्टी त्याची. एचआर : माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, आयुष्यातला पहिला ट्रेक, आणि तो मी तिला आग्रह करकरून करायला लावलेला. आणखी चौघं. आणि मी. एकूण आठ जण.

कसाऱ्याची शेवटची लोकल, रात्री स्टेशनबाहेर ठरवून ठेवलेली जीप, घोटी, शेंडी, भंडारदऱ्याच्या पाण्याला वळसा घालून पहाटे साम्रद. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचं हे अगदी शेवटचं टोक. एका बाजूला रतनगड, समोर अलंग-मदन-कुलंग, मागे कुठेतरी कळसूबाई. गावापासून दहा-पंधरा मिनिटं चाललं की जमीन अचानक फाटते. तीच सांदण.

सह्याद्रीत आपल्याला वर चढायची सवय असते. गड म्हटला की वर. सांदणला उलटं, आपण पठारावरून जमिनीच्या पोटात उतरतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, त्यात पडलेली भेग, आणि पावसाने ती भेग कोरत कोरत पार कोकणाच्या बाजूला नेऊन सोडलेली. दोन्ही बाजूंना काळ्या कातळाच्या सरळसोट भिंती, काही ठिकाणी इतक्या जवळ की हात पसरले तर दोन्ही तळवे कातळाला टेकतात. मान वर केली की आकाशाची एक पट्टी. ऊन तळाशी पोचतं ते फक्त भर दुपारी, तेही थोडा वेळ. खाली सगळे धोंडे, स्कूटरएवढ्यापासून ते टेम्पोएवढ्यापर्यंत. पावसाळ्यात हे सगळं पाण्याचं असतं, माणसाने तिकडे फिरकायचं नाही.

आमच्याबरोबर साम्रदचे एक मामा आणि त्यांचा भाचा. मामांचं वय पन्नाशीच्या आसपास, पायात प्लॅस्टिकचे बूट, आणि पाठीवर आमच्या सगळ्यांच्या महागड्या सॅक्स मिळून होईल त्यापेक्षा जास्त वजन : दोर, भांडी, ताडपत्री. प्लॅन असा की दरीतून उतरायचं, पुढे चाळीस-पंचेचाळीस फुटांचा कडा दोराने उतरायचा, रात्री खाली मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी डेहण्याला बाहेर पडून आसनगावहून लोकल पकडायची.

निघण्याआधी मामांनी आम्हाला रांगेत उभं केलं.

"तीन गोष्टी. आत वरडायचं न्हाई. बिडी-शिग्रेट न्हाई, जाळ न्हाई. आन् अंगाला वास लावायचा न्हाई, सेंट-बिंट. वर मव्हळं हायेत."

आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. विमानात एअरहोस्टेस लाइफ जॅकेट दाखवत असते तेव्हा आपण जशी डोलावतो, तशीच.

सुरुवात एकदम सही झाली. पहिल्या पाण्यात गुडघाभर उतरलो आणि बँकवाला किंचाळला. बिबट्या नव्हे, खेकडा. त्याच्या बुटाच्या लेसला धरून निवांत बसलेला. मामांनी पाठीवरून चिमटीत उचलून बाजूच्या दगडावर ठेवला, तर तो आमच्याकडे नांगे वर करून उभा! आमच्याकडे म्हणजे आठ माणसांकडे. कॉन्फिडन्स असावा तर असा.

पुढे अर्ध्या तासाने भाचा थांबला आणि हात आडवा केला. एका धोंड्यावरून उतरताना आधाराला हात ठेवायची एकच खाच होती. तिच्या तोंडाशी, हिरवट पिवळा, मनगटाएवढं वेटोळं. चापडा. इंग्रजीत बांबू पिट वायपर. तिकोनी डोकं, आणि डोळा व नाकपुडी यांच्या मधे एक बारीक खड्डा. त्या खड्ड्याने त्याला उष्णता 'दिसते', म्हणजे अंधारातसुद्धा गरम रक्ताचा उंदीर कुठे आहे ते कळतं. आणि आमच्यापैकी पहिले तीन जण त्याच्यापासून वीतभर अंतरावर हात टेकून खाली गेले होते. पहिला टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका शोधणारा!

त्यानंतरची वीस मिनिटं म्हणजे धमाल होती. सगळ्यांनी फोटो काढले. मामांनी आम्हाला बाजूच्या फटीतून बसून उतरवलं. चापडा जागचा हललासुद्धा नाही. दिवसभर असाच बसून राहतो आणि रात्री शिकार करतो म्हणे. फ्रीलान्सरच की. 'चला, वाइल्डलाइफ झालं' असं कोणीतरी म्हणालं, आणि खरंच सगळ्यांच्या मनात तेच होतं. टिक मारून झाली. आता दोर.

दुसरं पाणी कमरेपर्यंत होतं. साचलेलं, बर्फासारखं गार आणि वासाचं. बाहेर आलो तेव्हा सगळे थडथडत होते. मुलं पुढे गेली, आम्ही तिघी मुली एका धोंड्यामागे कपडे बदलायला थांबलो. आणि इथे मी ती गोष्ट केली.

माझ्या सॅकमधे एक बॉडी मिस्टची बाटली होती. या धंद्यात पैसे कमी आणि फुकटच्या बाटल्या फार. एका लाँचला मिळाली होती, कोणाच्या ते सांगत नाही, कारण त्यात त्यांचा काडीचा दोष नाही. मामांचं बोलणं मी विसरले नव्हते. हे मुद्दाम लिहितेय. विसरले असते तर बरं झालं असतं. माझ्या मनात आलं ते एवढंच की खेड्यातल्या माणसाला काय कळणार, सेंट म्हणजे त्यांना ते जुनं अत्तर वाटत असेल, हे तर नुसतं पाणी आहे. दोन फवारे मनगटावर, चार-पाच गळ्यातल्या स्टोलवर. बाटली परत सॅकच्या तळाशी.

एचआर कुडकुडत होती. मी तो स्टोल काढून तिच्या गळ्यात गुंडाळला. मैत्री!

ती म्हणाली, "तुझ्या स्टोलला केळ्याचा वास येतोय. सॅकमधे केळी चेंगरलीयेत बहुतेक."

मी म्हटलं, "हो, चेंगरली असतील."

पुढच्या वळणावर दरी जरा रुंद झाली, आणि डाव्या भिंतीला, बऱ्याच उंचीवर, कातळाच्या पुढे आलेल्या छज्जाखाली पाच-सहा काळे डाग होते. दुरून डांबर सांडल्यासारखे. प्रत्येक डाग म्हणजे एक पोळं, अर्धगोल, चांगलं मीटरभर रुंद. आपल्या घराच्या गॅलरीत कधीतरी लागतं ते मोहोळ नव्हे. हे आग्या मोहोळ. या माशीला पेटी लागत नाही, ढोली लागत नाही. उघड्या कड्याला एकच पोळं लटकवायचं, आणि त्याला भिंत म्हणून स्वतःच चिकटून बसायचं, थरावर थर. आपल्याला दिसतं ते पोळं नसतंच, त्या माश्या असतात.

मी बघत असताना त्यातला एक डाग चमकला. स्टेडियममधे मेक्सिकन वेव्ह जाते ना, तशी एक लाट त्याच्यावरून सर्रकन फिरली. मग परत. मला इतकं सुंदर वाटलं ते! मी मोबाइल काढून व्हिडिओ घेतला. अकरा सेकंदांचा आहे, अजून फोनमधे आहे. घरी आल्यावर वाचलं की त्या लाटेवर चक्क संशोधन झालंय. 2008 साली ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या संशोधकांनी दाखवून दिलं की गांधीलमाशी जवळ आली की आग्या माश्या ओळीने आपली पोटं वर उचलतात आणि त्या लाटेने तिला घाबरवून लांब ठेवतात. म्हणजे मी ज्याचा 'वॉव' करत व्हिडिओ घेत होते, ती धमकी होती.

मामांनी वर पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "चला. बोलू नका. चला."

पहिली माशी माझ्या टोपीवर आपटली. टप्. मग टप्, टप्. नंतर आवाज. लांबून कोणीतरी बुलेट घेऊन येतंय असा, आणि दरीच्या भिंतींमुळे तो कुठून येतोय हेच कळेना. आणि मग माश्या सगळीकडे होत्या.

अशा वेळी पळावं, जमेल तितकं लांब आणि तोंड झाकून, हे मला आता माहीत आहे. पण पळणार कुठे? पुढे कडा, मागे पाणी, मधे टेम्पोएवढे धोंडे. मामा ओरडले, "बसा! हात मारू नका! तोंड झाका!" आणि भाच्याने ताडपत्रीची गाठ सोडली. मी ओठावरची माशी झटकली, तेवढ्यात दुसरी तिथेच. एचआर माझ्यापासून चार पावलांवर होती. केस मोकळे, ओले. ती दोन्ही हात हवेत फिरवत होती.

मी ओरडले, "स्टोल! स्टोलने तोंड झाक!"

तिने झाकलं. अगदी डोक्यावरून गच्च गुंडाळून घेतलं. माझं ऐकायची तिला सवय आहे.

तिथून पुढचं मला तुकड्यांमधे आठवतं. मामांनी तिला ओढून एका कलत्या धोंड्याखाली ढकललं, वरून ताडपत्री, तिच्याखाली आम्ही दहा जण एकमेकांच्या अंगावर. बाहेर ताडपत्रीवर पावसाचे टपोरे थेंब पडावेत तसा आवाज. आत शिरलेल्या माश्या मामा चिमटीत धरून चिरडत होते, तोंडाने 'हूं' नाही की 'चू' नाही. अंधार, घाम, कोणीतरी रडत होतं, कोणीतरी रामरक्षा म्हणत होतं (बँकवाला, शिट्टीचा उपयोग नव्हता). आणि सगळ्यावर, स्पष्ट, एक गोडसर वास. पिकलेल्या केळ्याचा.

मला वाटलं, माझ्या स्टोलचा. पण तो वाढत होता.

मामा माझ्या अगदी शेजारी होते. त्यांनी एकदा माझ्याकडे मान वळवली, नाकाने श्वास आत घेतला, आणि मान परत फिरवली. बोलले काहीच नाहीत.

पाऊण तास आम्ही तसे बसलो. टेस्टरने घड्याळ बघितलं होतं म्हणून सांगते, मला विचाराल तर पाच तास. आवाज कमी होत गेला. मामांनी आधी एक हात बाहेर काढला, मग डोकं. "उठा. सावकाश. मागं फिरायचं." दोर, कडा, मुक्काम, सगळं कॅन्सल.

तेव्हा आम्ही एचआरकडे नीट पाहिलं. चेहरा सुजला होता, ते सगळ्यांचेच सुजले होते. पण तिच्या दंडांवर, पोटावर, जिथे माशी चावलीच नव्हती तिथेही लाल गांधी उठत होत्या. ती म्हणाली, "मला घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय." आवाज वेगळाच, घोगरा. टेस्टरने फर्स्ट एड बॉक्समधून सेट्रिझिनची गोळी दिली. मोबाइलला रेंज नाही. ती उभी राहिली, दोन पावलं चालली आणि खाली बसली.

मामांनी भाच्याला एवढंच सांगितलं, "जीप." आणि तो पोरगा त्या धोंड्यांवरून असा गेला की मी तसं आधी फक्त वानरांना जाताना पाहिलंय. मग मामांनी पाठ वाकवली आणि तिला पाठुंगळी घेतलं. कमरेपर्यंतच्या त्या गार पाण्यातून, चापड्याच्या त्या खाचेवरून (तो अजून तिथेच होता, त्याच्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही), खेकड्याच्या पाण्यातून वर पठारापर्यंत. आम्ही आलटून पालटून मदत करत होतो असं टेस्टर सगळ्यांना सांगतो. आम्ही तिच्या पायाला हात लावत होतो. उचललं मामांनी. त्यांच्या मानेवर, कानांमागे किती काटे होते ते कोणी मोजलं नाही.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टर आमच्याच वयाची. तिने एचआरला पाहिलं आणि एक शब्द न बोलता मांडीत इंजेक्शन दिलं. ॲड्रेनलिन. काही मिनिटांत तिचा श्वास मोकळा झाला. मी कधीही कुठल्याही आवाजाने इतकी खूश झाले नव्हते. मग सलाइन, मग बाकीचं. सदतीस काटे काढले तिच्या अंगातून. माझे सहा.

काम करता करता ती डॉक्टर आम्हाला झापत होती, आणि ते झापणं तुमच्याही उपयोगाचं आहे. म्हणाली, सेट्रिझिन दिलीत ते ठीक, पण ती खाजेची गोळी आहे. श्वास लागला, घसा आवळला, चक्कर आली, तर ॲड्रेनलिनच लागतं आणि लवकर लागतं, गोळीची वाट बघत बसायचं नाही. अशा माणसाला चालवायचं नाही, आडवं ठेवायचं, श्वास लागत असेल तर टेकून बसवायचं. पाठुंगळी आणलंत, दुसरा इलाज नव्हता, तरी नशीब म्हणा. आणि काटा चिमट्याने काढायचा की नखाने खरवडायचा यावर वाद घालत बसायचं नाही. जो हाताला येईल तो आधी काढायचा, कारण माशी मरून पडली तरी तो काटा विषाची पिशवी घेऊन पंप करत राहतो.

मी विचारलं, "आणि हा वास कसला?" माझ्या बाहीत अजून दोन काटे अडकलेले होते.

"केळ्याचा ना? त्यांच्या नांगीचा. एक माशी चावली की त्या वासाने बाकीच्यांना कळतं कुठे चावायचं ते."

रात्री एचआरला दवाखान्यात ठेवून घेतलं. टेस्टर तिच्याजवळ थांबला. बाकीचे आम्ही साम्रदला मामांच्या घरी. मामींनी तांदळाची भाकरी, पिठलं आणि ठेचा वाढला. ओठामुळे मला भाकरीचा तुकडा आत सरकवता येईना. ओट्यावर चर्चा चालू होती, मोहोळ उठलं कशाने? बँकवाल्याने वर येताना आकाशात एक पक्षी घिरट्या घालताना पाहिला होता, फोटोही काढला होता. कोणीतरी तो ॲपमधे टाकला : मधुबाज. हा पक्षी खरंच मोहोळावर झडप घालतो, आग्याच्यासुद्धा, आतल्या अळ्या खायला. आणि त्याने डिवचल्यावर उठलेल्या माश्या खाली सापडेल त्याला फोडून काढतात, असंही होतं. झालं! सगळ्यांचं समाधान झालं. मधुबाज दोषी. केस क्लोज्ड.

मी म्हटलं, "हो, तोच असेल."

मी दुसऱ्यांदा असं म्हणत होते.

रात्री तिथे अंगणाच्या एका कोपऱ्यात रेंजचा एक दांडा येतो. मी हुडहुडत उभी राहून वाचत होते. मधमाशीच्या नांगीतला हा इशाऱ्याचा वास नक्की कशाचा, ते 1962 सालीच शोधून काढलेलं आहे. आयसोअमाईल ॲसिटेट. पुढे आग्या माशीच्या नांगीतही तेच सापडलं. आणि हाच पदार्थ केळ्याच्या वासाचा मुख्य भाग. गोळ्या, आइसक्रीम, सेंट, जिथे जिथे कारखान्यात केळ्याचा वास घालायचा असतो, तिथे तो वापरतात.

सॅकच्या तळातून बाटली काढली. मागे पदार्थांच्या यादीत बाकी सगळं बारीक अक्षरात, आणि वासाच्या जागी फक्त एक शब्द, 'परफ्यूम'. म्हणजे आत नक्की काय आहे ते कळायला मार्ग नाही. पुढच्या बाजूला मात्र मोठ्या सोनेरी अक्षरात लिहिलं होतं, 'ट्रॉपिकल बनाना'.

मधुबाजाने उठवलं असेल? असेलही. तो पक्षी तिथे होता, फोटो आहे. पण मोहोळ उठल्यावर त्या हजारो माश्यांना दहा माणसांमधली एकच का सापडली, याचं उत्तर मधुबाजाकडे नाही. तिच्या डोक्याभोवती मी केळ्याचा वास गच्च गुंडाळायला लावला होता. माशीच्या भाषेत त्याचा अर्थ एकच होतो : इथे चावा.

सकाळी निघताना पैशांचा हिशोब झाला. मामांनी ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त घेतला नाही. आम्ही फार आग्रह केला तर म्हणाले, "भाकरीचे द्या, ते वायले." त्यांचा एक डोळा पूर्ण बंद झाला होता. सगळे जीपमधे बसल्यावर ते माझ्या खिडकीशी आले आणि मला एकटीला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले,

"ताई, पुढल्या येळी वास लावू नका."

राग नव्हता आवाजात. कुठल्या रस्त्याने जाऊ नका हे सांगावं, तसं.

मी खिडकीतून ती बाटली त्यांना द्यावी असं एकदा मनात आलं. मग वाटलं, ते तिचं काय करणार? ती अजून माझ्या टेबलावर आहे, प्रिंटरच्या बाजूला. टाकवत नाही, आणि उघडवतही नाही.

एचआर आता बरी आहे. चार दिवस रजा घेतली तिने, स्वतःची रजा स्वतःच मंजूर केली असा जोकही मारून झाला. डॉक्टरांनी तिला ॲलर्जीवाल्या स्पेशालिस्टकडे जायला सांगितलंय, पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी जाणार आहोत. ट्रेकबद्दल विचारलं की ती सगळ्यांना सांगते, मधुबाजाने मोहोळ उठवलं आणि हिने वेळेवर स्टोलने तोंड झाकायला सांगितलं म्हणून डोळे वाचले. दर वेळी सांगते. पार्टीत, फोनवर, तिच्या आईलासुद्धा. तिच्या आईने मला परवा डब्यातून पुरणपोळ्या पाठवल्या.

तो स्टोल तिने धुऊन, इस्त्री करून परत दिला. वर चिठ्ठी, 'केळ्याचा वास गेला एकदाचा!'

एचआर हा कॉलम दर आठवड्याला वाचते, अंक आला की त्याच दिवशी, ऑफिसमधे, लंचला. तिचा लंच दीडला असतो. अंक येईल त्या दिवशी दीड वाजता मी फोन हातात घेऊन बसणार आहे.